१२,३४,५६,७८९ ची झडती: मोठी संख्या हाती आली की सुरुवात कुठून करायची

एक ते नऊ अंक, एकही न गाळता, ओळीनं लिहिलेले. बालवाडीतल्या पाटीपासून आपण ही रांग पाहतोय. कमकुवत पासवर्डच्या याद्यांमध्येही ती हमखास असते. पण संख्या म्हणून वाचली तर ती आहे बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद, आणि तिला किती विभाजक आहेत असं विचारलं की बहुतेकांचा हात मोबाइलकडे जातो.

या लेखापुरता मोबाइल बाजूला ठेवा. कागद, पेन्सिल, खोडरबर आणि निवांत तास-दीड तास एवढं पुरे. गणित आठवीपर्यंतचं. नव्यानं संख्यांशी खेळू पाहणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात: ते लगेच भागायला बसतात. २ने भाग, ३ने भाग, ७ने भाग… दहा मिनिटांत कंटाळा. मोठ्या संख्येला कोणता प्रश्न आधी विचारायचा आणि कोणता नंतर, यावर सगळी मेहनत ठरते. या एका संख्येवर तो क्रम करून दाखवते. पुढे तुम्हाला हवी ती संख्या घ्या.

पायरी १: अंदाज घ्या

संख्या दोनदा लिहा. एकदा आपल्या पद्धतीनं, १२,३४,५६,७८९, म्हणजे तोंडानं वाचता येते. आणि एकदा तीन-तीनच्या गटांत, १२३ | ४५६ | ७८९. दुसरं रूप परदेशी वाटेल, पण कसोट्यांना तेच लागतं.

आता वर्गमूळाचा अंदाज. इथे नशीब जोरावर आहे, कारण १११११ × १११११ हा गुणाकार कागदावर मांडला की सरळ १२,३४,५४,३२१ येतो: चढत जाणारे आणि मग उतरणारे अंक. आपल्या संख्येतून तो वजा करा. उरतात २४६८. (हे पाहून मला अजूनही हसू येतं.) पुढचा वर्ग, ११११२ चा, १२,३४,७६,५४४ आहे, म्हणजे आपल्या संख्येच्या पुढे. मग दोन गोष्टी कळल्या. एक, ही पूर्ण वर्गसंख्या नाही. दोन, ती संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव १११११ किंवा त्याहून लहान असणारच. शोधाची हद्द ठरली.

पायरी २: फुकटच्या कसोट्या आधी

शेवटचा अंक ९. २ आणि ५ बाद.

अंकांची बेरीज १ ते ९ ची, म्हणजे ४५. म्हणून ३नेही भाग जातो आणि ९नेही. इथे क्षणभर थांबा. हे नऊ अंक कसेही उलटसुलट मांडले तरी बेरीज ४५च राहणार. अशा मांडण्या ३,६२,८८० होतात आणि त्यातली एकही मूळ संख्या नाही! एका बेरजेत साडेतीन लाखांहून जास्त संख्यांचा निकाल लागला.

९ने भागून घ्या: १,३७,१७,४२१. हिच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे आणखी ३ निघत नाही. आपल्या संख्येत ३ बरोबर दोनदा आहे. (काही जण बेरजेची कसोटी २७लाही लावतात. ती तिथे चालत नाही. शंका असेल तर असं आधी ९ने भागून भागाकाराची बेरीज बघायची.)

आता ७, ११ आणि १३ यांना एकाच दगडात घेऊ. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून तीन-तीनचे गट उजवीकडून आळीपाळीनं अधिक-उणे करायचे: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. आपल्या संख्येला या तिघांनी भागल्यावर जी बाकी उरेल तीच ४५६ला भागल्यावर उरते. आता ४५५ म्हणजे ५ × ७ × १३. म्हणून ७ने भागल्यावर बाकी १ आणि १३ने भागल्यावरही बाकी १. ११ने बाकी ५ उरते. ११चा भागाकार गंमत म्हणून पूर्ण करून पाहा, उत्तर १,१२,२३,३४४ येतं.

७ आणि १३, दोघांनाही बाकी १ का, हा प्रश्न वहीच्या कडेला लिहून ठेवा. पायरी सहामध्ये त्याचं उत्तर आहे.

पायरी ३: खरी फोड

उरली १,३७,१७,४२१. तिचं वर्गमूळ ३७०३ आणि ३७०४ यांच्या मध्ये आहे. ३७०३पर्यंत मूळ संख्या आहेत ५१७. एकेकीनं भागत बसायचं झालं तर रविवार संपेल.

तरी थोडं भागावंच लागतं. १७, १९, २३ असं करत ९७पर्यंत जा. एकोणीस भागाकार आहेत, वीस मिनिटांत होतात. इथे काही हाती लागत नाही, पण हे काम वाया गेलं असं समजू नका. लहान मूळ अवयव असलेल्या संख्या खूप असतात आणि त्या इथेच पकडल्या जातात.

यानंतर मात्र वाट बदला. पिएर द फर्मा या फ्रेंच गणितीनं १६४३च्या एका पत्रात सांगितलेली युक्ती वापरू. समजा एक विषम संख्या दोन विषम संख्यांचा गुणाकार आहे. त्या दोघींचा मध्य घ्या आणि मध्यापासूनचं अंतर घ्या. मध्याचा वर्ग उणे अंतराचा वर्ग म्हणजे ती विषम संख्या. उदाहरणार्थ ९१ = ७ × १३. मध्य १०, अंतर ३, आणि १०० − ९ = ९१. शाळेत पाठ केलेलं (अ + ब)(अ − ब) ते हेच. फक्त उलट्या दिशेनं वापरायचं.

म्हणजे आपल्याला असा वर्ग शोधायचा आहे की त्यातून १,३७,१७,४२१ वजा केल्यावर पुन्हा वर्गच उरेल. सुरुवात वर्गमूळाच्या लगेच पुढच्या संख्येपासून: ३७०४.

पण थांबा, ३७०४ घ्यायचीच गरज नाही. कोणत्याही वर्गाला ४ने भागलं तर बाकी ० (समसंख्येचा वर्ग) किंवा १ (विषमसंख्येचा). आपल्या संख्येचे शेवटचे दोन अंक २१, म्हणजे ४ने भागून बाकी १. दोन वर्गांच्या वजाबाकीत बाकी १ हवी असेल तर पहिला वर्ग विषमाचाच हवा. सम मध्य सगळे रद्द. अर्धी मेहनत वाचली.

तर ३७०५. त्याचा वर्ग १,३७,२७,०२५. वजा १,३७,१७,४२१. उरले ९६०४.

९६०४ हा वर्ग आहे का? १०० उणे २ चा वर्ग काढा: १०,००० − ४०० + ४. बरोबर ९६०४. म्हणजे ९८ चा वर्ग.

३७०५ − ९८ = ३६०७
३७०५ + ९८ = ३८०३

पहिल्याच फटक्यात संख्या फुटली. एकेका मूळ संख्येनं भागत गेला असतात तर ३६०७वर पोचायला ५०४व्या मूळ संख्येपर्यंत जावं लागलं असतं.

आता थोडं पाणी ओतते. ही युक्ती दोन अवयव एकमेकांजवळ असले तरच अशी चालते. तिची धाकटी बहीण घ्या, १२,३४,५६७. ती १२७ × ९७२१ आहे. दोघांत केवढी दरी! फर्माच्या वाटेनं, सम-विषमाची सवलत घेऊनही, ११११च्या पुढून निघून ४९२४पर्यंत १९०७ प्रयत्न करावे लागतात. साधा भागाकार मात्र ३१व्या मूळ संख्येवर, १२७वर, काम संपवतो. म्हणून माझा नेम असा: आधी शंभर-दीडशेपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायचं, मग फर्माचे दहा-पंधरा प्रयत्न, आणि तरीही काही नाही निघालं तर पुन्हा निमूटपणे भागाकार. फर्मानं स्वतः २,०२,७६,५१,२८१ ही संख्या फोडून दाखवली होती, ४४,०२१ × ४६,०६१. त्याला बारावा प्रयत्न लागला.

बँकेच्या व्यवहारांपासून ई-सहीपर्यंत जिथे आरएसए या गुप्तलेखन पद्धतीचं कुलूप असतं, तिथे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकारच त्या कुलपाचा पाया असतो. त्या दोघी फार जवळजवळ नसाव्यात असा तिथे दंडक आहे. कारण तुम्ही आत्ता वहीत केलंत तेच.

पायरी ४: मूळ आहे असं गृहीत धरू नका

३६०७ आणि ३८०३ मूळ दिसतात. दिसण्यावर जायचं नाही.

३६०७चं वर्गमूळ ६०हून किंचित जास्त (६० चा वर्ग ३६००), म्हणून ५९पर्यंतच्या १७ मूळ संख्या तपासायच्या. ३८०३साठी ६१ धरून १८. दोन्ही मिळून पस्तीस भागाकार, तेही चार अंकी, आणि २, ३, ५ तर नजरेनंच जातात. काही ठिकाणी थोडक्यात हुकतं: ३६०७ला १७ने भागून बाकी ३, ५३नेही ३. ३८०३ला १९ने बाकी ३. ७ने तर दोघींनाही बाकी २. पण शून्य कुठेच येत नाही. दोन्ही मूळ आहेत.

एक कबुली. मी एकदा ३५९९ला बिनधास्त मूळ ठरवून मोकळी झाले होते. ५३पर्यंत आले, काही जमेना, आणि शेवटचा भागाकार करायचा कंटाळा केला. ३५९९ म्हणजे ५९ × ६१. शिवाय ती ३६०० − १ आहे, म्हणजे ६० चा वर्ग उणे १ चा वर्ग. फर्माची आठवण ठेवली असती तर एका ओळीत निकाल लागला असता. तेव्हापासून शेवटची मूळ संख्या मी सगळ्यात आधी तपासते.

पायरी ५: आता गुणधर्म आपोआप गळतात

१२,३४,५६,७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३

एवढी एक ओळ मिळाली की पुढचं काम हिशेबाचं आहे.

विभाजक किती? ३ दोनदा आहे, म्हणून तो शून्यदा, एकदा किंवा दोनदा घेता येतो: तीन पर्याय. बाकी दोघांचे दोन-दोन. ३ × २ × २ = १२. ते असे: १, ३, ९, ३६०७, ३८०३, १०,८२१, ११,४०९, ३२,४६३, ३४,२२७, १,३७,१७,४२१, ४,११,५२,२६३ आणि स्वतः संख्या.

विभाजकांची बेरीज हवी असेल तर बारा संख्यांची उभी बेरीज करू नका. (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) करा. १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. त्यातून संख्या स्वतः वजा केली तर ५,४९,६६,०२७ उरतात, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ६ किंवा २८ यांच्यासारखी ती परिपूर्ण नाही, म्हणजे ही बेरीज संख्येइतकी भरत नाही. कमी पडते, म्हणून ती न्यून आहे, आणि चांगलीच न्यून.

हिच्याशी सहमूळ असलेल्या, म्हणजे जिच्याशी हिचा १ सोडून सामाईक विभाजक नाही अशा, लहान संख्या किती? ऑयलर या गणितीच्या रीतीनं (९पर्यंतच्या, ३ने भाग न जाणाऱ्या संख्या ६, आणि बाकी दोन मूळ अवयवांतून एक-एक वजा) ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२. एकूण संख्यांच्या दोन तृतीयांशाला जेमतेम कमी. हे आधीच ताडता आलं असतं: ३ हा अवयव दर तीनांतली एक उडवतो आणि बाकीचे दोन अवयव एवढे मोठे आहेत की क्वचितच कुणाला उडवतात.

दोन वर्गांच्या बेरजेत ही लिहिता येईल का? हा माझा आवडता प्रश्न, कारण इथे घाई करणारा फसतो. शेवटचे दोन अंक ८९, ४ने भागून बाकी १. वरवरची चाचणी पास. पण नियम आतल्या अवयवांचा आहे: ४ने भागल्यावर ३ उरवणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यायला हवा. ३ दोनदा आहे, ठीक. ३६०७ला ४ने भागून बाकी ३, आणि तो एकदाच आहे. ३८०३चंही तेच. म्हणून बेरजेत नाही जमत. वजाबाकीत मात्र सहा प्रकारे जमतं, विभाजकांच्या प्रत्येक जोडीमागे एक. त्यातला सगळ्यात आटोपशीर: ११११५ चा वर्ग उणे २९४ चा वर्ग.

पायरी ६: शेजारपाजार बघा

संख्येला ९ने गुणा आणि १० मिळवा. येतात १११११११११, नव्हे, त्याहून एक जास्त: दहा एकं, ११११११११११. (एक मोजताना बोट ठेवून मोजा. मला अजून लागतं.) पुन्हा ९ने गुणून नीट मांडलं तर असं दिसतं:

८१ × संख्या = १०,००,००,००,००० − ९१

आणि इथे वहीच्या कडेचा प्रश्न सुटतो. ९१ म्हणजे ७ × १३. ९१ने भागताना १००१ पूर्ण जातो, म्हणून १००० म्हणजे बाकी उणे १. मग १ वर नऊ शून्यं म्हणजे (उणे १) तीनदा गुणून पुन्हा उणे १, आणि १ वर दहा शून्यं म्हणजे उणे १०. उजवीकडची बाकी उणे १०. डावीकडे ८१ म्हणजेही ९१ − १०, बाकी उणे १०. दोन्हीकडून १० काढा (१० आणि ९१ सहमूळ आहेत म्हणून चालतं), संख्येची बाकी १. तो योगायोग नव्हता.

८ने गुणून ९ मिळवले की ९८,७६,५४,३२१ येते, म्हणजे तीच रांग उलटी. यावरून दोघींचा मसावि एका ओळीत निघतो: मोठीला लहानीनं भागून बाकी ९, आणि ९ लहानीला भागतो. मसावि ९.

२, ४, ५, ७ आणि ८ने गुणून पाहा. दर वेळी तेच नऊ अंक, फक्त जागा बदलून: २४,६९,१३,५७८, मग ४९,३८,२७,१५६, ६१,७२,८३,९४५, ८६,४१,९७,५२३, ९८,७६,५४,३१२. ३ आणि ६ने गुणलं की मात्र ३७,०३,७०,३६७ आणि ७४,०७,४०,७३४.

एक गल्लत टाळा. ९ने गुणल्यावर सगळे १ येणारी जी प्रसिद्ध संख्या आहे ती १,२३,४५,६७९. तिच्यात ८ नाही! तिचे मूळ अवयव ३७ आणि ३,३३,६६७. आपलीशी तिचं दिसण्यापुरतंच नातं.

पायरी ७: कापरेकरांच्या कसोट्या

आतापर्यंतचे गुणधर्म संख्येचे होते. पुढचे अंकांचे आहेत. काही गणिती अशा गोष्टींना निव्वळ करमणूक म्हणतात. असू दे. डहाणूत १९०५ साली जन्मलेले आणि नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आयुष्यभर हेच करत राहिले आणि आज जगभर त्यांच्या नावाच्या संख्या आहेत.

हर्षद संख्या म्हणजे आपल्या अंकांच्या बेरजेनं भागली जाणारी. हे नाव कापरेकरांचंच. आपल्या संख्येची बेरीज ४५, पण शेवटी ९ असल्यानं ५ जात नाही, म्हणून ती हर्षद नाही. शेवटी एक शून्य जोडा: १,२३,४५,६७,८९०. बेरीज तीच ४५, आता ९ही जातो आणि ५ही. झाली हर्षद.

स्वयंभू संख्या म्हणजे जिला जनक नाही. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की जी येते तिची ती जनक. २१ची जनक १५ (१५ + १ + ५). २०ला जनकच नाही, म्हणून ती स्वयंभू. आपल्या संख्येला जनक आहे? आंधळेपणानं शोधू नका. जनकाला आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ९ने भागून बाकी सारखीच उरते, आणि दोन्ही मिळून ९ने भाग जाणारी संख्या हवी. म्हणून बेरीज ९चीच पट: ९, १८, २७, ३६… ७२पर्यंत. आठच उमेदवार. ९ वजा केले तर १२,३४,५६,७८०, बेरीज ३६, जुळत नाही. १८ वजा केले तर ७७१वर संपते, बेरीज पुन्हा ३६. २७ला ७६२, पुन्हा ३६. मग ३६ वजा करूनच पाहा: १२,३४,५६,७५३. बेरीज १ + २ + ३ + ४ + ५ + ६ + ७ + ५ + ३ = ३६. सापडली. उरलेल्या चारांची बेरीजही ३६च येते, म्हणून जनक एकच.

आणि शेवटी त्यांची सर्वांत गाजलेली क्रिया. ६१७४ तुम्हाला ठाऊक असेल: अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजा करा, ७६४१ − १४६७ = ६१७४. ती स्वतःवरच परतते. आपल्या संख्येवर हीच क्रिया करा. चढता क्रम तर ती स्वतःच आहे.

९८,७६,५४,३२१ − १२,३४,५६,७८९ = ८६,४१,९७,५३२

उत्तरातले अंक तपासा: पुन्हा एक ते नऊ, प्रत्येक एकदाच. म्हणजे पुढच्या वेळी तीच वजाबाकी, तेच उत्तर. चार अंकांत ६१७४ जशी स्वतःवरच परतते, तशीच नऊ अंकांत ८६,४१,९७,५३२ही परतते.

सरावाला ९८,७६,५४,३२१ घ्या. ९ काढल्यावर १०,९७,३९,३६९ उरते. फर्माकडे लगेच धावू नका, १७ दोनदा निघतो. त्यानंतरची ३,७९,७२१ मूळ आहे, पण ते पटवून घ्यायला ६१३पर्यंतच्या ११२ मूळ संख्या तपासाव्या लागतील. चहा आधी टाका.